एका हंगामाचा कोपरा

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की सोलापुरात पार्क मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यांवर एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. कुठल्यातरी संघाने तिशी ओलांडलेला बचावपटू घेतलेला असतो आणि कुणीतरी म्हणतो, "संपला की ओ ह्यो आता, कशाला घेतला बे ह्याला?" दुसरा लगेच त्या खेळाडूच्या जुन्या पकडी मोजून दाखवतो. दोघंही मनापासून बोलतात आणि माझ्या मते दोघंही चुकतात. पहिला वय मोजतो, दुसरा कारकीर्द. संघाने यातलं काहीच विकत घेतलेलं नसतं. त्याने घेतलेले असतात येणारे दोन-अडीच महिने आणि त्या महिन्यांपुरता मॅटचा एक कोपरा. एवढ्याचीच किंमत ठरवायची असते.

ही किंमत ठरवायची वेळ फक्त मोठ्या संघमालकांवर येत नाही. तालुक्याच्या स्पर्धेसाठी एखादा जुना, नावाजलेला पकडवाला एका मोसमापुरता मंडळात घ्यायचा असतो, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांसमोरही हाच प्रश्न असतो. आणि ज्यांच्या घरात असा खेळाडू आहे, त्यांना समोर आलेला एका वर्षाचा कागद सही करण्यासारखा आहे की नाही, हे ठरवावं लागतं. हा लेख त्या दोघांसाठी आहे. टीव्हीसमोर बसून वाद घालणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी एक उदाहरण नीट पाहू, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली, जन्म मार्च १९९२चा. २०१५मध्ये यू मुंबा विजेती ठरली तेव्हा तो त्या संघात होता, २०१६मध्ये पाटणा पायरेट्सच्या विजेत्या संघात होता. २०१८च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यावर एक कोटी रुपये लावले. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. २०२२मध्ये पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाख मोजून त्याला घेतलं. त्याच्या नेतृत्वाखाली पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्याच वर्षी पलटणने त्याला सोडलं आणि त्याच जागेसाठी तेवीस वर्षांचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना आणला. फझल १ कोटी ६० लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. तो हंगाम पलटणने जिंकला. २०२४मध्ये फझलची बोली ५० लाखांवर थांबली. बंगाल वॉरियर्सने घेतलं. त्याच हंगामात पकडीच्या ५०० गुणांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू ठरला, पण बंगाल बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. मग २०२५. संघ दबंग दिल्ली, तारीख ३१ ऑक्टोबर, अंतिम सामना, समोर त्याची जुनी पुणेरी पलटण. दिल्ली ३१-२८ अशी जिंकली आणि शेवटच्या क्षणांत निर्णायक पकड तेहतीस वर्षांच्या फझलची होती.

आता यात कोण चुकलं? माझं उत्तर असं की २०२३मध्ये पलटण बरोबर होती आणि २०२५मध्ये दिल्लीही बरोबर होती. पलटणकडे तरुण मुलांची फळी तयार झाली होती. तिला पुढची काही वर्षं धावेल असा कोपरा हवा होता. दिल्लीला हवा होता अटीतटीची शेवटची पाच मिनिटं सांभाळणारा माणूस. खेळाडू तोच, गरज वेगळी. बंगालचं उदाहरणही विसरू नका. ५० लाखांत फझल मिळणं स्वस्तच होतं, पण स्वस्त मिळालेला चांगला कोपरा एकट्याने संघ वर काढत नाही. जुन्या बचावपटूचा करार चांगला की वाईट, हे त्याच्याकडे एकट्याकडे पाहून कधीच कळत नाही. त्याच्या शेजारी कोण उभं आहे, हे बघावं लागतं.

पकडीची बेरीज आणि वजाबाकी

लिलावाच्या वेळी पडद्यावर जो आकडा झळकतो तो पकडीच्या गुणांचा. हा आकडा जुन्या खेळाडूच्या बाबतीत फार फसवतो. एक गणित मांडतो. ते काल्पनिक आहे, पण मैदानावर रोज घडणारं आहे.

समजा, एका बचावपटूने हंगामात १२० पकडी करायचा प्रयत्न केला आणि ६० यशस्वी झाल्या. दुसऱ्याने ६५ प्रयत्न केले, ४० यशस्वी झाल्या. यादीत पहिला वीस गुणांनी वर. पण फसलेली प्रत्येक पकड समोरच्या चढाईपटूला किमान एक गुण देते. पहिल्याच्या ६० फसल्या, म्हणजे त्याने जेवढं कमावलं तेवढं घालवलं. दुसऱ्याच्या २५ फसल्या, म्हणजे तो पंधरा गुणांनी पुढे. आणि हा हिशोबही पहिल्याला झुकतं माप देणारा आहे, कारण पकड फसते तेव्हा बहुतेक वेळा एकटा कोपरा बाद होत नाही. तो पुढे झेपावला की साखळीतले दोघं-तिघं त्याच्यामागे धावतात, चढाईपटू त्यांना घेऊन मध्यरेषेला हात लावतो आणि एका उतावळेपणाचे दोन-तीन गुण जातात.

म्हणून पहिला नियम: यशस्वी पकडींची यादी कुणी दाखवली तर त्याच कागदावर फसलेल्या पकडी मागा. दुसरी गोष्ट, त्या गुणांत अव्वल पकडी किती आहेत ते बघा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. ज्या संघाची बचावफळी सारखी कोसळत होती, त्या संघातल्या कोपऱ्याला अशा संधी जास्त मिळतात आणि त्याचा आकडा फुगतो. तुमची फळी भक्कम असेल तर तेवढा आकडा तुमच्याकडे येणार नाही. उलट बाजूही आहे. अव्वल पकड करायला मन थंड लागतं आणि तो थंडपणा वयाबरोबर येतो. तुमचा संघ तरुण, पहिल्या लोणानंतर घाबरणारा असेल, तर हाच गुण सोन्यासारखा आहे.

आता जी गोष्ट कुठल्याच यादीत नसते ती. चढाईपटू ज्या बाजूला जात नाही, ती बाजू. चांगला जुना कोपरा उभा असला की समोरचा चढाईपटू त्या बाजूला दोन पावलं टाकतो, बोनसचा विचार करतो आणि परत फिरतो. गुणफलकावर काहीच लिहिलं जात नाही, पण त्याचे तीस सेकंद गेलेले असतात. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईत पकड कुणाची झाली? शेजारच्या तरुण मध्यरक्षकाची. यादीत गुण त्याच्या नावावर. ती पकड घडवली मात्र कोपऱ्यातल्या माणसाने, गुडघ्यात वाकून, हात न लावता.

हे मोजायचं कसं? वही घेऊन. त्या खेळाडूचे तीन पूर्ण सामने बघा, ठळक क्षणांची चित्रफीत नको. प्रत्येक चढाईला एक खूण करा: चढाईपटू त्याच्या बाजूला गेला की दुसऱ्या बाजूला, आणि तो बाद होऊन बाहेर बसला असताना काय झालं. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, त्यामुळे कधी कधी जुना कोपरा तीन-चार मिनिटं बाहेर असतो. त्या मिनिटांत त्याच्या बाजूने किती गुण गेले ते लिहा. तो आत असताना आणि बाहेर असताना यातला फरक म्हणजे त्याची खरी किंमत. तीन सामन्यांत माणूस कळत नाही हे मला मान्य आहे, पण नुसत्या बेरजेपेक्षा खूप जास्त कळतं.

गुडघा, खांदा आणि पहिलं पाऊल

वय झालं की सगळे बचावपटू सारखे मंदावत नाहीत. कोपरा चवडा काढतो, घोटा धरतो. त्याला पहिल्या पावलाची झेप लागते आणि ती झेप गुडघ्यातून आणि पोटरीतून येते. मध्यरक्षक धडक देतो, कंबर धरतो, वाट अडवतो. त्याला खांदा आणि छाती लागते. माझं निरीक्षण असं की कोपऱ्याची झेप आधी जाते, पण त्याची नजर शेवटपर्यंत राहते. मध्यरक्षकाची ताकद जास्त टिकते, पण एकदा खांदा निखळला की तो मनाने मागे सरतो आणि ते सगळ्यांना दिसतं. म्हणून तिशीपुढच्या कोपऱ्याचे गुडघे आणि घोटे बघा, मध्यरक्षकाचे खांदे.

नुसतं "फिट आहे का?" असं विचारू नका. असं विचारलं की प्रत्येक खेळाडू "हो" म्हणतो, कारण त्याच्या घरची चूल त्या उत्तरावर असते. विचारायचं असं: मागच्या हंगामात लागोपाठ दोन दिवस सामने होते तेव्हा दुसऱ्या दिवशी खेळलास का? किती मिनिटं? सामन्याच्या दुसऱ्या सत्रात तुला बसवलं होतं का? सकाळी उठल्यावर गुडघा मोकळा व्हायला किती वेळ लागतो? हा शेवटचा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि जे खरं उत्तर देतात त्यांच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. "वीस मिनिटं लागतात, पण शेकून घेतो" असं सांगणारा खेळाडू आपलं शरीर ओळखतो. त्याच्याबरोबर आखणी करता येते.

आखणी म्हणजे काय, तेही सांगतो. २०२५च्या प्रो कबड्डीत साखळी फेरीत प्रत्येक संघाला १८ सामने होते. त्याआधीच्या दोन हंगामांत २२ होते. चौतीस वर्षांच्या कोपऱ्याकडून अठराही सामन्यांत चाळीस मिनिटं मागणं म्हणजे शेवटच्या चार सामन्यांत तो मिळणार नाही याची तजवीज करणं. बाकावर पाच राखीव खेळाडू असतात, बदल करता येतो. बारा-तेरा सामने पूर्ण आणि बाकीच्यांत अटीतटीची शेवटची दहा मिनिटं, असा विचार करून त्याला घेतलं तर करार परवडतो. असा विचार आधी केला नाही, तर हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक आणि खेळाडू दोघंही एकमेकांवर चिडतात.

आपल्याकडे जुना यंत्रमाग घेताना अनुभवी माणूस आधी विचारतो की तो कुठे चालला, किती पाळ्या चालला, कोणता भाग बदलला आहे. तेवढी चौकशी तरी माणसाबद्दल करायला हवी. शरीराची तपासणी करणारा डॉक्टर मात्र तुमच्या बाजूचा नको आणि त्याच्याही नको. तिसरा असावा आणि त्याने लिहिलेला कागद दोघांकडे असावा.

जोडी

बचावात एकटा माणूस म्हणजे ओवी नसलेली ओळ. २०१५च्या यू मुंबाच्या विजेत्या संघात कोपऱ्यात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा होते, मध्ये जीवा कुमार आणि आपला विशाल माने. मोहित आणि सुरेंदर ही जोडी पुढे बेंगळुरूला गेली, मग हरियाणाला. तीन वेगवेगळ्या संघमालकांनी हे दोन कोपरे एकत्र ठेवले, कारण एकाने चढाईपटू आत ओढायचा आणि दुसऱ्याने परतीची वाट बंद करायची, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. असं मुरायला वर्षं लागतात. एका हंगामाचा करार करताना तेवढा वेळ नसतो. म्हणून जुना खेळाडू घेताना त्याच्याबरोबर आधी खेळलेला एखादा माणूस तुमच्या संघात आहे का, हे आवर्जून बघा. असेल तर सरावाचे पहिले तीन आठवडे वाचले.

अनुभवी बचावपटूंची अख्खी फळी घेऊन जिंकलेला संघही आहे. २०२२च्या फेब्रुवारीत दबंग दिल्ली पहिल्यांदा विजेती झाली, पाटण्यावर ३७-३६. कर्णधार जोगिंदर नरवाल, त्याच्याबरोबर मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल. हंगामाच्या सुरुवातीला या सगळ्यांना थकलेले म्हणणारे पुष्कळ होते. पुढे चढाईला तरुण नवीन कुमार होता, त्यामुळे या मंडळींना गुण मिळवण्याची घाई नव्हती. त्यांनी फक्त आघाडी जपायची होती. तुमच्याकडे चढाई कमकुवत असेल तर हा कित्ता गिरवू नका. सतत पिछाडीवर असलेल्या संघात जुन्या बचावपटूला धोका पत्करून पुढे यावं लागतं, आणि तेच त्याला आता जमत नसतं.

पैसा

रक्कम लाखांत बघू नका, हिश्श्यात बघा. प्रो कबड्डीच्या अलीकडच्या लिलावांत एका संघाला खर्चायला पाच कोटी रुपये मिळतात. त्यात १ कोटी ६० लाख म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, शंभरात ३२. पन्नास लाख म्हणजे शंभरात दहा. तिसरा हिस्सा एका जुन्या कोपऱ्यावर लावला की उरलेल्या पैशांत अठरा-वीस माणसं बसवायची असतात. तो दुखावला तर पर्याय घ्यायलाही पैसा नसतो. दहावा हिस्सा लावला तर तोच माणूस दुखावूनही संघ उभा राहतो. माझा स्वतःचा दंडक असा: ज्या खेळाडूच्या दुखापतीने तुमचा हंगाम संपणार असेल, त्याचं वय बत्तिशीच्या खाली असावं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा व्यवहार फार काटेकोर झाला आहे. तिथे बचावाच्या पहिल्या रांगेत उभे राहणारे धिप्पाड गडी असतात. चेंडू फेकणाऱ्याला चेंडू हातात असतानाच आडवा पाडणं हे त्यांचं काम. कॅलेस कॅम्पबेल हा त्या रांगेतला १९८६चा खेळाडू. छत्तिशी गाठल्यावर तो वर्षावर्षाच्या करारावर खेळला. २०२३मध्ये अटलांटाने त्याला एका वर्षाचे ७० लाख डॉलर दिले, २०२४मध्ये मायामीने २० लाख, आणि २०२५मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ॲरिझोनाने पुन्हा वाढवून ५५ लाख. आपल्याला वाटतं की उतरलेली किंमत चढत नाही. ती चढते, कारण करार एका वर्षाचा असतो आणि त्या वर्षाचा खेळ पुढच्या वर्षी बोलतो.

तिकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे रकमेची विभागणी. तिथल्या अशा करारांत ठरावीक भाग हमीचा असतो: खेळाडू दुखावला, बाकावर बसला, तरी मिळणारा. काही भाग प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या प्रत्येक सामन्यामागे. काही भाग कामगिरीवर. जोखीम दोघांत वाटली जाते. जुन्या खेळाडूबद्दल संघाच्या मनात जी शंका असते ती कमी बोली लावून भरून काढण्यापेक्षा, "उतरलास तर इतके" असं लिहून भरून काढणं जास्त प्रामाणिक आहे. मात्र एक सावधगिरी: कामगिरीचा भाग पकडींच्या संख्येवर बांधू नका. पाचव्या पकडीवर पैसे ठेवले की शहाणा कोपराही चार पकडी झाल्यावर वेड्यासारखा झेपावतो. सामने, मिनिटं, संघ बाद फेरीत जाणं, यावर बांधा.

सही करण्याआधी, खेळाडूच्या घरात

आतापर्यंत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलं. आता देणाऱ्याच्या. आपल्याकडे करार घरी आला की पहिलं पान उलटून आकडा बघतात, वडील डोळे पुसतात, पेढे वाटले जातात. पेढे वाटा, पण सही दुसऱ्या दिवशी करा. रात्री मोठ्याने वाचून काढा. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या वकिलाला हजार-पाचशे देऊन मराठीत समजून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं कलम दुखापतीचं. गुडघ्याचा आतला मुख्य बंध, एसीएल, तुटला तर शस्त्रक्रियेनंतर पूर्ण ताकदीने खेळायला साधारण नऊ महिने लागतात, कधी जास्तही. करार अडीच महिन्यांचा. म्हणजे दुखापत करारापेक्षा तिप्पट-चौपट लांब. हंगाम संपल्यानंतरची फिजिओथेरपी, तपासण्या, दुसरी शस्त्रक्रिया लागलीच तर तिचा खर्च कुणाचा? हे वाक्य करारात सापडलं नाही तर लिहून घ्या. माझ्याबरोबर खेळलेला एक मित्र एका मोसमाच्या तोंडी शब्दावर एका मंडळाकडून उतरला, शेवटच्या सामन्यात गुडघा गेला. बक्षीस समारंभात त्याचा सत्कार झाला. शस्त्रक्रियेसाठी त्याच्या आईने पाटल्या मोडल्या. आजही तो जिना चढताना कठडा धरतो. त्याला मी तेव्हा "कागद कर" म्हणालो नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या लेखातला हा भाग मी त्याच्यासाठी लिहितो आहे.

दुसरं, हप्ते. पैसे कधी मिळणार, तारखांसह. शेवटचा हप्ता हंगाम संपल्यावर किती दिवसांत, तेही. हातात येणाऱ्या रकमेतून सर्वसाधारणपणे दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरून हिशोबात धरता येतो, पण त्यासाठी कापल्याचा दाखला मागून घ्यावा लागतो. मध्यस्थ असेल तर त्याचा वाटा कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या, हे विचारा.

तिसरं, नोकरी. आपले बरेच जुने खेळाडू रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, महावितरणसारख्या ठिकाणी खेळाच्या जागेवर लागलेले असतात. ती नोकरी त्यांचं निवृत्तिवेतन आहे. कार्यालयाचं ना हरकत पत्र लेखी घ्या, रजा कोणत्या प्रकारात धरली जाईल ते लिहून घ्या. अडीच महिन्यांच्या रकमेसाठी वीस वर्षांच्या सेवेवर खूण नको. ज्याची नोकरी नाही, त्याने एका वर्षाच्या कराराकडे आणखी सावधपणे बघावं. त्याच्यासाठी हमीचा भाग मोठा असणं हे पकडीच्या बोनसपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं.

आणि किंमत उतरली म्हणून खचू नका. ज्या वर्षी बोली पन्नास लाखांवर आली त्या वर्षी फझल काही निवृत्त झाला नाही. एका वर्षाचा करार कमी रकमेचा असला तरी चांगल्या संघातला, तुमच्या ओळखीच्या जोडीदाराबरोबरचा असेल, तर तो मोठ्या रकमेच्या वाईट संघापेक्षा पुढचं वर्ष जास्त नीट बांधतो.

आपल्या मंडळासाठी

तालुक्याच्या पातळीवर हे सगळं एका पानात बसतं. आधी जिल्हा संघटनेकडे त्या खेळाडूची नोंदणी कुठल्या मंडळाकडे आहे ते बघा, नाहीतर उपांत्य सामन्याच्या सकाळी तक्रार येते आणि संघ बाद होतो. मग पान लिहा: किती स्पर्धा, किती सामने, किती मानधन, निम्मं कधी, उरलेलं कधी, प्रवास आणि जेवण कुणाकडे, दुखापत झाली तर दवाखाना कोणता आणि खर्च कुठपर्यंत. बक्षिसाच्या रकमेतला वाटा देणार असाल तर आकड्यात लिहा. "तुझं बघून घेऊ" हे वाक्य कागदावर आणू नका आणि तोंडातही नको. दोन सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती.

रक्कम ठरवताना मंडळातल्या मुलांना काय मिळतं, तेही डोळ्यांसमोर ठेवा. वर्षभर सकाळी साडेपाचला मैदानात पाणी मारणारा मुलगा बूट स्वतःच्या पैशाने घेत असेल आणि बाहेरचा माणूस आठ दिवसांत त्याच्या वर्षाच्या खर्चाइतकं घेऊन जात असेल, तर साखळी हात धरून उभी राहते पण ओढत नाही. मुलांना आधी बसवून सांगा की हा माणूस का आणतो आहोत.

त्या पानावर मी आणखी एक ओळ घालतो. जुना कोपरा जे जाणतो ते पुस्तकात नाही: चढाईपटूच्या कोणत्या पायावर वजन आहे, बोनससाठी पाय उचलण्याआधी त्याचा खांदा कसा पडतो, कधी हात लावायचाच नाही. जोगिंदर नरवाल २०२२मध्ये दिल्लीचा विजेता कर्णधार होता आणि २०२५मध्ये दिल्ली पुन्हा जिंकली तेव्हा प्रशिक्षक म्हणून बाजूला उभा होता. तशीच मोठी जागा आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूला मिळेल असं नाही, पण मोसमातल्या मोकळ्या संध्याकाळी सोळा वर्षांखालच्या मुलांना तासभर घोटापकड शिकवणं हे त्याला जमतं, आवडतं आणि त्याचे वेगळे पैसे देणंही मंडळाला परवडतं. ते करारात घाला. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात, असं वार आणि वेळेसकट.